चांगलं झालंय

सोमवार, ६ जानेवारी

घेतला! संपादकीणबाईंनी माझा लेख घेतला. नुसता घेतला नाही, रविवारच्या पुरवणीत मला एक कोपराच देऊन टाकला. दर आठवड्याला एक छोटा लेख, आजच्या जगण्यातला एखादा मोठा विषय घेऊन. जमलं तर पुढे पुस्तक. शाळेतली नोकरी सोडल्यापासून मी घरात बसून मोठमोठ्या विषयांवर विचारच करते आहे. लेक लग्न करून लांब गेली, नवरा दिवसभर कारखान्यात क्रेनवर. बाईने विचार करू नये तर काय माश्या माराव्यात?

पहिला विषय 'वेग'. "आपण इतक्या वेगाने जगतो आहोत की आपलंच जगणं आपल्याला गाठू शकत नाही." वाक्य झकास आहे. अर्थ विचारू नये.

पाठवायच्या आधी ह्यांना वाचून दाखवला. ही आमची लग्नापासूनची रीत. हे टेबलापाशी बसतात, मी ओट्याला टेकून उभी राहते आणि कागद नाकासमोर धरून वाचते. पूर्वी मी शाळेतली भाषणं वाचायचे, तेव्हा हे वाक्यावाक्याला अडवायचे. "हे कुणाला कळणार?" "एवढं लांबण कशाला?" मग आमचं कडाक्याचं भांडण व्हायचं आणि भाषण सुधारायचं. आज मी वाचून संपवलं, चष्मा काढला, तोच हे म्हणाले, "चांगलं झालंय."

बस्स, एवढंच. गेली दोन-तीन वर्षं एवढंच.

गुरुवार, ९ जानेवारी

आज पुन्हा उशीर. दर गुरुवारचं ठरलेलंच आहे ते. सकाळी पिशवीत टॉवेल घालून जातात, तो ओला परत येतो. अंगाला भलत्याच साबणाचा वास.

दारातच विचारलं, "कुठे होतात?"

"काम होतं."

"कामावर आंघोळ करायला लागलात का आता?"

तोवर हे बूट काढायला वाकले होते. उत्तर नाही. मी तेच पुन्हा विचारलं, जरा वरच्या पट्टीत. तरी नाही. उठले, माझ्याकडे बघून हसले आणि आत गेले. म्हणजे उडवूनच लावलं की मला.

या वयात काय असणार, असं मनाशी म्हणते. पण या वयातच असतं, हेही तेवढंच खरं.

रविवार, १२ जानेवारी

छापून आला. फोटोत मी जरा रागावलेली दिसते, पण नाव ठळक आहे. ह्यांनी सकाळीच जाऊन पेपराच्या चार-पाच प्रती आणल्या. कात्रीने लेख नीट कापला, घडी करून खिशात घातला.

"कशाला?"

"कँटीनच्या फळ्यावर लावतो. वाचू देत सगळे."

मला एकदम भरून आलं. मग वाटलं, ज्या माणसाला माझ्या लेखाबद्दल दोन शब्दांपलीकडे बोलवत नाही, तो फळ्यावर मात्र लावतो. जगाला दाखवायला बायको, घरात मात्र "चांगलं झालंय".

दुपारी नणंदेचा फोन. तिने अर्धा लेख वाचला होता, कौतुक पूर्ण केलं. मी ह्यांचं गाऱ्हाणं सांगितलं: दिवसेंदिवस घुमे होत चाललेत, कुणाकडे जायला नको, फोन आला की माझ्या हातात देतात, टीव्ही लावतात तर खालची अक्षरं वाचत बसतात.

"अगं, आमचे बाबाही पन्नाशीनंतर असेच झाले होते," ती म्हणाली. "माणसात बसेनात. ते घराण्यातच आहे आमच्या."

"घुमेपणा घराण्यात होता तर लग्नाआधी सांगायचं होतं," मी म्हणाले. ती पुढे काहीतरी सांगणार होती, पण दूध उतू गेलं आणि मी फोन ठेवला.

रविवार, १९ जानेवारी

दुसरा लेख 'निवड'. "पर्याय वाढले, समाधान घटलं." संपादकीणबाईंनी छापला, पण फोन करून म्हणाल्या, "ताई, विचार छान आहेत. पण विचार सगळ्यांकडे असतात हो. लोकांना घर हवं. तुमच्या घरातलं काहीतरी आणा."

माझ्या घरात काय आहे? दोन माणसं, एक फ्रिज.

एक लिहून ठेवते, लेखात कामी येईल. ह्यांना हल्ली नवीन सवय लागलीय. संध्याकाळी मी काही बोलायला लागले की हे उठून दिवा लावतात. आणि बोलत असताना माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहतात. सुरुवातीला मी लाजलेसुद्धा होते. म्हटलं, एवढ्या वर्षांनी काय हे! पण मी पाठ फिरवली की संपलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मंगळवार, २१ जानेवारी

घरातलं काहीतरी सापडलं. 'सचोटी' या विषयावर लिहिते आहे आणि उदाहरण ह्यांचंच. लेखात थोडक्यात लिहायचंय, म्हणून इथे सगळं मांडून घेते.

ह्यांचा जिवाभावाचा मित्र म्हणजे उंट. भलताच उंच, म्हणून सगळा कारखाना त्याला उंट म्हणतो. दर रविवारी आमच्याकडे चहाला यायचा, चौकटीवर डोकं आपटायचा आणि चौकटीलाच शिव्या द्यायचा. हे वर क्रेनच्या केबिनमध्ये, तो खाली. पत्र्यांच्या थप्पीला तो साखळी अडकवणार, हाताने खुणा करणार, गळ्यातली शिट्टी वाजवणार, आणि हे थप्पी उचलून पलीकडे ठेवणार. वर्षानुवर्षं दोघांची जोडी.

गेल्या वर्षी एक थप्पी त्याच्या अंगावर उतरली. तो थप्पीच्या आड होता, ह्यांना वरून दिसला नाही. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग लुळं पडलं. त्याचं म्हणणं, "मी जीव तोडून शिट्टी वाजवली." चौकशीत ह्यांना एकच गोष्ट विचारली: शिट्टी ऐकू आली का? ह्यांनी सांगितलं, "नाही आली ऐकू." निकाल लागला की शिट्टी वाजलीच नाही, चूक उंटाची. त्याला काही भरपाईही मिळाली नाही.

केवढी कठीण वेळ! मित्रासाठी एक शब्द खोटा बोलले असते तर कोण विचारणार होतं? पण नाही. जे खरं तेच सांगितलं. त्या दिवसापासून ह्यांचं मोकळं हसणं गेलं, तरी शब्द फिरवला नाही. मला नवऱ्याचा कितीही राग येवो, पण हे मानावंच लागेल. "सचोटी म्हणजे मित्राच्या डोळ्यांत बघून खरं बोलणं." हे शेवटचं वाक्य.

रविवार, २६ जानेवारी

'सचोटी' आला. वाचून दाखवला होता तेव्हा नेहमीसारखं "चांगलं झालंय" झालं होतं. आज छापील हातात घेतला, उभ्याउभ्याच वाचला. मग खाली बसून पुन्हा वाचला. पेपर घडी करून टेबलावर ठेवला आणि बाहेर निघून गेले. कात्री घेतली नाही.

ज्यात तुमचं एवढं कौतुक केलंय, नेमका तोच लेख फळ्यावर लावायचा नाही? परक्या बाईंनी फोन करून सांगितलं की डोळ्यांत पाणी आलं. आणि ज्याच्यावर लिहिलं त्याच्या तोंडून अवाक्षर नाही.

दिवसभर मी धुसफुसत होते. जेवायला वाढलं, पण बोलले नाही. ह्यांना ते कळलं तरी की नाही कोण जाणे.

शुक्रवार, ३१ जानेवारी

आज मी एक लबाडी केली आणि तिचा निकाल लागला.

नवा लेख तयार झाला, या वाचून दाखवते, असं ह्यांना म्हटलं. हे आले, बसले, हात टेबलावर. मी ओट्याला टेकून कागद वर धरले. कागद कसले, वॉशिंग मशीनबरोबर आलेलं माहितीपत्रक! "यंत्र सपाट जागेवर ठेवावे. पाण्याची नळी मुडपलेली नाही याची खात्री करावी. लोकरीचे कपडे वेगळे धुवावेत." दोन पानं सगळी वाचली, आवाजात चढउतार घालून, मध्ये एके ठिकाणी गळा दाटल्याचंही नाटक केलं. मग चष्मा काढला.

"चांगलं झालंय," हे म्हणाले. वर मायेने मान डोलावली.

मला हसू यायला हवं होतं. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. सत्तावीस वर्षं ज्या माणसाला वाचून दाखवलं तो माणूस ऐकतच नाही. कधीपासून ऐकत नाही, देव जाणे. मी भिंतीशी संसार केला.

रविवार, २ फेब्रुवारी

नणंदेला सांगितलं. ती पोट धरून हसली. म्हणाली, "गाढवापुढे वाचली गीता!" मग हसू आवरून म्हणाली, "अगं, पण खरंच एकदा त्याला कुठेतरी दाखव ना."

"काय दाखवू? आरसा?" मी म्हणाले. भावाची बाजू घेणारच ती.

आता मी लिहिणार आहे. संपादकीणबाईंना घर हवंय ना, घ्या घर.

रविवार, ९ फेब्रुवारी

'ऐकणं' छापून आला. आजवरचा सर्वांत चांगला लेख, हे मी नाही, बाई म्हणाल्या. सकाळपासून फोन थांबलेला नाही. किती बायका म्हणाल्या, आमच्याकडेही हेच!

सगळं लिहिलं. तोंडाकडे टक लावून बघणं, पाठ फिरवली की मी त्यांच्या लेखी नाहीशी होणं, दिवा लावणं, फोन टाळणं, माहितीपत्रकाची परीक्षा. "या काळात कान सगळ्यांना आहेत, ऐकणारा कुणी नाही." नाव घातलं नाही, पण नवरा माझा एकच आहे.

हा लेख ह्यांना आधी वाचून दाखवला नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदाच. हे वाचताना मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. भांडण होऊ दे, म्हटलं. ताट आपटू दे, काहीतरी होऊ दे. ह्यांनी लेख शेवटपर्यंत वाचला. मग ड्रॉवर उघडला, कात्री काढली, कडेकडेने सरळ रेषेत कापला. घडी केली. खिशात घातला.

"फळ्यावर लावणार?" मी विचारलं. माझ्याच आवाजाचं मला नवल वाटलं.

"लावतो की," हे म्हणाले.

असा कसा हा माणूस? काय निबर कातडी आहे का काय?

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

क्रमाने लिहिते, नाहीतर सुटेल.

सकाळी हे गेल्यावर दारावरची बेल वाजली. उंटाची बायको. तो अंथरुणाला खिळल्यापासून ती आमच्याकडे आली नव्हती, मीही तिच्याकडे गेले नव्हते. काय तोंड घेऊन जायचं? आत घेतलं, चहा ठेवला. तिने पर्समधून माझा लेख काढला. चारही कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं होती.

"वहिनी, हे तुम्ही लिहिलंत ना? कँटीनमधून एकाने आणून दिलं."

आणि मी काय विचारावं? मी विचारलं, "आवडलं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "वहिनी, भाऊजींना ऐकू येत नाही."

"तेच तर लिहिलंय गं. कुणाचंच ऐकत नाहीत."

"तसं नाही वहिनी. ऐकू येत नाही."

चहा उकळत होता. मी गॅस बंद केला नाही.

मग तिने सांगितलं. दर गुरुवारी हे त्यांच्याकडे जातात. उंटाला आंघोळ घालतात. तो एवढा मोठा बाप्या, तिला एकटीला उचलत नाही. हे त्याला उचलून पाटावर बसवतात, पाठ चोळतात, डोकं धुतात, पुसून परत झोपवतात. "आम्ही त्यांना देवमाणूस म्हणत होतो," ती म्हणाली. "आंघोळीच्या वेळी आमचे हे बडबडत असतात, भाऊजी हूं नाही की चूं नाही. आम्हाला वाटायचं, मनाला लागलंय म्हणून गप्प असतात."

काल गुरुवार होता. लेख तिने वाचलेला होता. हे पाठमोरे, बादलीत पाणी काढत होते. उंटाची शिट्टी अजून खुंटीला टांगलेली आहे. तिने ती घेतली, ह्यांच्या पाठीमागे उभी राहिली आणि छाती फुटेस्तोवर वाजवली. "आमच्या ह्यांनी पाटावर बसल्याबसल्या कानांवर हात दाबले वहिनी. आणि भाऊजी पाणी काढत राहिले."

मी चहाकडे बघत राहिले.

"आम्ही चौकशी पुन्हा मागणार आहोत. ते वर्षभर अंथरुणात पडून म्हणतायत, मी शिट्टी वाजवली, मी शिट्टी वाजवली. मीसुद्धा मनातून त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता. तुम्ही फक्त एवढं सांगा, हे लिहिलंय ते सगळं खरं आहे. त्या मशीनच्या कागदाचं, सगळं."

आता मी काय बोलले ते लिहिते. स्वतःशी तरी लपवाछपवी नको. मी म्हणाले, "अगं, लेख आहे तो. लेखात सगळंच खरं नसतं. थोडं तिखटमीठ लावावं लागतं."

"मशीनचा कागद वाचला नव्हतात?"

"नाही गं. सुचलं म्हणून लिहिलं."

तिने लेखाची घडी घातली, पर्समध्ये ठेवला. "बरं," म्हणाली आणि उठली. दारापर्यंत गेली, चप्पल घातली, मागे वळून बघितलं नाही. चहा आटून पातेलं करपलं होतं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

काल संध्याकाळी हे आले. दिवा मी लावला. समोर बसले, तोंड उजेडात धरून. किती सोपं होतं ते.

"कधीपासून?"

कशाबद्दल, असं त्यांनी विचारलं नाही. "तीनेक वर्षं. आधी उजवा, मग डावा."

"डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"गेलो असतो तर कागद झाला असता. कागद झाला की क्रेन गेली."

"कारखान्यात तपासतात ना दर वर्षी?"

हे जरा हसले, पण ते हसणं बघवत नव्हतं. "काचेच्या खोलीत बसवतात. बाई बाहेर तिच्या यंत्रापाशी बसते. आवाज आला की हात वर करायचा. समोरच्या काचेत तिचा हात दिसायचा. तो हलला की मी हात वर करायचो. दर वर्षी पास."

"आणि उंट?"

"त्याच्या हाताच्या खुणा दिसत होत्या गं. ऐकायची गरजच पडत नव्हती. म्हणजे मला तसं वाटायचं. त्या दिवशी तो आड गेला." मग म्हणाले, "शिट्टी ऐकू आली नाही असं मी सांगितलं. ते खोटं नव्हतं."

"खरं होतं का?"

ह्यांनी टेबलावरचे हात खाली घेतले.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत. म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस."

"तेव्हा मी लिहीत कुठे होते?"

"बोलत होतीस की."

हे वर्मी लागलं. खोटं म्हणायची सोय नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या नातलगांना माहीत आहे, मग ह्यांना नसणार?

"मग हा लेख स्वतःच्या हाताने फळ्यावर का लावलात? सगळे वाचणार हे कळत नव्हतं?"

"कळत होतं."

"सचोटीचा नाही लावलात तो."

"तो खोटा होता," हे म्हणाले.

मग मी उंटाच्या बायकोचं सांगितलं. ती आली होती, आणि मी तिला काय म्हणाले ते. ह्यांनी माझ्या ओठांवरून नजर काढली नाही. म्हणाले, "परत सांग." मला वाटलं कळलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं, सावकाश. सगळं रचलेलं आहे, असं मी तिला सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना कळलं की ह्यांना पहिल्यांदाच समजलं होतं.

"म्हणजे आता आपण दोघं झालो," हे म्हणाले.

रविवार, १६ फेब्रुवारी

कारखान्यातल्या एका साहेबांचा फोन. आवाजात नुसती साखर. "ताई, लेख फार सुंदर हो! पण लेखकाला थोडं स्वातंत्र्य असतंच, नाही का? कुणी विचारलं तर तेवढं सांगाल ना, कल्पना आहे म्हणून? तुमच्या मिस्टरांच्या दृष्टीनेही तेच बरं."

मी "हो" म्हणाले. हे समोरच टेबलापाशी बसले होते. मी तोंडावर हात धरून बोलले.

किती पटकन शिकले मी.

सोमवार, १७ फेब्रुवारी

हे इस्त्रीचा शर्ट घालून गेले. दुपारीच परत आले, तेव्हाच समजले.

साहेबांच्या खोलीत जाऊन ह्यांनी सांगितलं, "शिट्टी त्याने वाजवली असणार. मला ऐकू येत नव्हतं. त्याआधी वर्ष-दीड वर्षापासूनच येत नव्हतं." साहेब म्हणाले, बायको तर म्हणते कल्पना आहे. ह्यांनी सांगितलं, "बायकोने एकच लेख खरा लिहिलाय, तो हा."

गेटवर ओळखपत्र काढून घेतलं. पुढे खटला होईल, कदाचित ह्यांच्यावरच. चौकशी पुन्हा सुरू होईल. उंटाला काहीतरी मिळेल आता, मिळायलाच हवं. मला उंटासाठी बरं वाटायला हवं. वाटतही आहे. पण आधी स्वतःसाठी भीती वाटते, मग ह्यांच्यासाठी, आणि उंटाचा नंबर त्यानंतर लागतो. हा क्रम मला आवडत नाही, पण असाच आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सकाळी ह्यांनी पिशवीत टॉवेल भरला.

"जाऊ नका हो," मी म्हणाले, समोर येऊन.

"आज गुरुवार आहे."

तासाभरात परत आले. टॉवेल कोरडा. तशीच घडी. दार उघडलं नाही म्हणाले. बेल वाजवली, थांबले, परत वाजवली. मग उंटाची बायको खिडकीत आली आणि काहीतरी बोलली, पण जाळी होती, तोंड नीट दिसलं नाही.

"काय म्हणाली असेल?" ह्यांनी मला विचारलं.

मी तिथे नव्हते. मला कसं कळणार? तरी हे माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले, हातात पिशवी.

"माहीत नाही हो," मी म्हणाले.

"आता त्याला उचलणार कोण?" हे म्हणाले आणि टॉवेल परत कपाटात ठेवला.

रविवार, २३ फेब्रुवारी

लेख पाठवला नाही. विषय 'एकटेपणा' असायचा होता. संपादकीणबाईंचा फोन आला. 'ऐकणं'वर अजून पत्रं येतायत. त्यांच्या कानावर बाकीचंही गेलेलं दिसलं. "ताई, आता तर खरी गोष्ट हाताला लागलीय तुमच्या. सावकाश लिहा, हवी तेवढी मोठी लिहा. पुस्तकाचा शेवट यानेच करू."

"बघते," म्हणाले. थेट नाही म्हणाले नाही, हेही लिहून ठेवते. दुपारी कागद घेऊन बसलेसुद्धा. "आपण ज्याला बहिरेपणा म्हणतो" इथवर लिहिलं. चांगली सुरुवात होती. मला किळस आली आणि कागद फाडला.

लेकीचा फोन आला. ती रडत होती. "आई, बाबांना मशीन लाव कानाला, लगेच लाव." तिला सांगितलं, डॉक्टरांनी तपासलं, मशीनने थोडंफार येईल, फार नाही. उशीर झाला. ती म्हणाली, "तुझ्या कसं लक्षात आलं नाही गं?" मी म्हणाले, "आलं होतं की. सगळं आलं होतं. छापलंसुद्धा."

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

हे घरी असल्यापासून संध्याकाळची भाजी हेच चिरतात. बेसिनपाशी खिडकीकडे तोंड करून उभे राहतात आणि कांदा अगदी बारीक, मन लावून कापतात. काम नाही तर निदान कांदा नीट, असं असेल.

गेले दहा-बारा दिवस मला ह्यांच्याशी काही बोलायचं होतं. समोर बसून, उजेडात तोंड धरून बोलायला हवं होतं. किती वेळा बसलेसुद्धा. पण हे ओठांकडे बघायला लागले की माझी वाचा बसते. उभा जन्म बडबड करण्यात गेला, आणि ही दोन वाक्यं निघत नाहीत.

आज अंधार पडला होता, दिवा लावलेला होता. हे चिरत होते. मी त्यांच्या पाठीमागे, टेबलाच्या अलीकडे उभी राहिले आणि बोलले, मोठ्याने. म्हणाले, चुकलं माझं. तुम्ही दिवा लावत होतात तो माझ्यासाठी लावत होतात, आणि मी त्याचं हसं केलं. तुम्ही आता माझ्याशी पूर्वीसारखं भांडत का नाही, हा एकच प्रश्न मी कधी विचारला नाही. त्या बाईला मी माझ्या दारात खोटं सांगितलं, तुमच्यासाठी नाही, माझ्या भीतीने सांगितलं. तुम्ही उंटाशी वाईट वागलात, फार वाईट वागलात, वर्षभर त्याला खोटा पडू दिलंत, त्याचा मला राग आहे आणि तो जाणार नाही. आणि तरी मला तुम्ही हवे आहात. मला एकटीला सोडून गप्प बसू नका. सगळं बोलले. पाठीशी बोलले, कारण पाठीला ऐकू येत नाही. मला माहीत होतं, म्हणूनच बोलले.

बोलता बोलता डोळे भरून आले, काही दिसेना. पुसायला म्हणून चष्मा काढला.

सुरी थांबली. हे वळले नाहीत. खिडकीबाहेर सगळा काळोख होता, काचेत आमचं स्वयंपाकघर दिसत होतं, दिवा, टेबल, हातात चष्मा घेतलेली मी, सगळं.

"चांगलं झालंय," हे म्हणाले.

मग पुन्हा सुरी सुरू झाली. मी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि टेबल पुसायला घेतलं.